दोन टक्के जास्त आहेत का, हा दुसरा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडिलांचं घर विकायचंय. विकणार दोघं, भाऊ आणि बहीण. एजंट दोन टक्के मागतोय, शिवाय सहा महिने घर दुसऱ्या कोणाकडे द्यायचं नाही अशी त्याची अट आहे. ओळखीतले सांगतात की अर्ध्या टक्क्यात काम करणारेही मिळतात. त्यातच वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याने 'मला सांगा, मी घेईन' असं म्हणून ठेवलंय. तर दोन टक्के जास्त होतात का, आणि घासाघीस केली तर किती खाली येतील?

आधी एक सांगून टाकते. मी स्वतः बावीस वर्षं हेच काम करतेय. माझं घर कमिशनवर चालतं. तेवढी वजावट धरूनच पुढचं वाचा.

घासाघीस केलीत तर दोनाचे दीड बहुतेक होतील. पण शंभराच्या घरावर त्यात तुमचा अर्धा वाचेल. (हिशोबाला सोपं म्हणून मी सगळीकडे घर शंभराचं धरतेय, तुमच्या किमतीने गुणून घ्या.) तेच घर भावात चार-पाचने कमी गेलं तर तो अर्धा कुठे गेला हे कळणारही नाही. म्हणून मी तुमच्या जागी असते तर आधी तीन गोष्टी विचारल्या असत्या: हे दोन टक्के कशाबद्दल, ते नेमके कधी द्यायचे, आणि ते घेणारा माणूस कोणाच्या बाजूचा. किती, हे त्यानंतर.

'योग्य दर' कुठेही छापून ठेवलेला नाही. ब्रिटनमध्ये विकणारा साधारण एक ते दीड टक्का देतो, वर कर वेगळा. अमेरिकेत वर्षानुवर्षं पाच-सहा टक्के ऐकू यायचे, पण त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन एजंट जेवायचे. जर्मनीतल्या काही भागांत तर सगळी दलाली घेणाऱ्याच्याच माथी मारली जायची. शेवटी तिथे २३ डिसेंबर २०२० पासून कायदा आला की घर विकणाऱ्याने एजंट नेमला असेल, तर राहण्यासाठी घर घेणाऱ्याकडून निम्म्याहून जास्त दलाली काढता येणार नाही. भारतात २०१६ च्या रेरा कायद्याने (घरबांधणी आणि घरविक्रीवर देखरेख ठेवणारा कायदा) नोंदणीकृत प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण दर ठरवून दिलेला नाही. तेव्हा 'तिकडे इतकेच घेतात' हे वाक्य बैठकीत उपयोगाचं नाही. तिकडे त्यात काय-काय धरलंय, कोण देतंय आणि वर कर किती, हे कळल्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. तुमच्या एजंटलाही हे विचारा: दोन टक्के करासकट की कर वेगळा? दोनाचे सव्वादोन-अडीच इथेच होतात.

आता, कशाबद्दल. लोकांना वाटतं एजंट कुलूप उघडतो, दिवे लावतो, 'हवा छान येते' म्हणतो आणि पैसे घेतो. दिसतं तेवढंच, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. मी माझ्या वहीतून एका घराचा हिशोब देते. एक्केचाळीस फोन आले. त्यातले निम्मे दुसऱ्या एजंटांचे होते किंवा भाव काय चाललाय एवढंच बघणारे. सतरा जण घर बघून गेले. पाच जण दुसऱ्यांदा आले. तिघांनी आकडा सांगितला. त्या तिघांत खरी पार्टी एकच होती. एकाचं स्वतःचं घर विकलं गेल्याशिवाय पैसे येणार नव्हते आणि दुसऱ्याने कर्जाची चौकशीच केलेली नव्हती. कोण खरा आणि कोण वेळ घालवणारा हे ओळखणं हा या धंद्यातला अर्धा भाग आहे. मालकाला ते दिसत नाही, कारण त्याच्यापर्यंत शेवटचे दोन-तीनच पोचतात.

दुसरा अर्धा भाग भाव ठरल्यावर सुरू होतो. भाव ठरणं म्हणजे घर विकलं जाणं नव्हे. त्या एक्केचाळीस फोनांच्या घरातच विसार दिल्यानंतर अकराव्या दिवशी बँकेच्या माणसाने घराची किंमत सौद्यापेक्षा कमी धरली. घेणाऱ्याचं कर्ज तेवढ्याने घटलं आणि तो म्हणाला, आता भाव कमी करा. मालक म्हणाला, विसार जप्त. चार दिवस मी दोघांकडे फेऱ्या मारल्या, दुसऱ्या बँकेत कागद लावले, शेवटचा हप्ता तीन आठवडे पुढे ढकलून घेतला. ते मिटलं तर किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी बैठकीच्या खोलीतल्या झुंबरावरून घोडं अडलं. घेणाऱ्याच्या बायकोला ते घराबरोबर येतं असं वाटलेलं, आणि मालकाच्या सुनेने ते खाली उतरवून कागदात गुंडाळूनही ठेवलेलं. शंभराचं घर पाव टक्काही किंमत नसलेल्या काचेसाठी मोडतंय की काय अशी वेळ आली. असलं काही एजंटच्या जाहिरातीत नसतं, पण कमिशन त्याचंच असतं.

आणखी एक बाजू आहे, आमच्यातले फारसे बोलत नाहीत ती. मी दहा घरं हाती घेते तेव्हा त्यातली चार-पाचच माझ्या हातून विकली जातात. कोणी विचार बदलतं, कोणी भावावर अडून बसतं, कोणी आपसात विकतं. त्या न विकलेल्या घरांवर गेलेले महिने आणि जाहिरातीचा खर्च कोणी देत नाही. म्हणजे तुमच्या दोन टक्क्यांत दुसऱ्यांच्या न झालेल्या सौद्यांचाही खर्च असतो. हे न्याय्य आहे का? पूर्ण नाही, असं मला वाटतं. पण 'विकलं गेलं तरच पैसे' या पद्धतीची ती किंमत आहे. उद्या एजंटला वकिलासारखी तासाप्रमाणे फी दिली तर टक्का जाईल, पण घर न विकताही बिल येईल. ते किती मालकांना चालेल?

आता मी ज्याला या विषयाची नस म्हणते तिथे येऊ. दोन टक्के दिल्यामुळे एजंट तुमच्यासाठी भाव वाढवायला झटेल अशी सगळ्यांची समजूत असते. करून बघा हिशोब. पार्टी पंचाण्णवला तयार आहे. थोडं थांबलं, आणखी महिनाभर दाखवलं तर शंभर मिळू शकतील. पंचाण्णवला विकलं तर एजंटला मिळतात एक पूर्णांक नऊ, शंभराला मिळतात दोन. त्याचा फरक शून्य पूर्णांक एक. तुमचा फरक? चार पूर्णांक नऊ. त्या शून्य पूर्णांक एकासाठी त्याने आणखी महिनाभर रविवार घालवायचे, आणि हातातली पार्टी निसटण्याचा धोका पत्करायचा. तो काय सल्ला देईल असं वाटतं? 'ही पार्टी सोडू नका, बाजार मंद आहे.' हे वाक्य मीही म्हटलंय. काही वेळा बाजार खरंच मंद होता. काही वेळा मी दमलेली होते.

हे नुसतं माझं मत नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी शिकागो परिसरातल्या जवळपास एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास करून २००८ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातली सुमारे ३,३०० घरं एजंटांची स्वतःची होती. घरांमधले इतर फरक बाजूला काढून बघितलं तर एजंटांची स्वतःची घरं इतरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त भावाने गेली होती, आणि बाजारात साडेनऊ दिवस जास्त राहिली होती. म्हणजे स्वतःचं घर असलं की एजंट थांबतो आणि दुसऱ्याचं असलं की घाई करतो. यात लबाडीच असते असं नाही. आकडेच तसे मांडलेले आहेत, माणूस आकड्यांच्या उताराने वाहत जातो.

मग उतार बदलायचा. मी काही मालकांशी असं ठरवते: पंचाण्णवपर्यंत दीड टक्का, आणि पंचाण्णवच्या वर जे मिळेल त्यातले दहा टक्के माझे. पंचाण्णवला विकलं तर मला सव्वाच्या वर, नेमके १.४२५. शंभराला विकलं तर १.९२५. आता माझा फरक अर्ध्याचा झाला, आधीच्या पाचपट. थांबण्यात माझाही फायदा आहे. शंभराला विकूनही मालकाने सरळ दोन टक्क्यांपेक्षा थोडं कमीच दिलेलं असतं. एकशे तीन मिळाले तर मला जास्त जातात, पण त्या वेळी आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

यात मेख एकच, तो पंचाण्णवचा आकडा. टप्प्यांची गोष्ट आधी काढलीत तर एजंट घराचा अंदाज मुद्दाम खाली सांगेल, म्हणजे वरचा टप्पा त्याला फुकट मिळेल. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी तीन वेगवेगळ्या एजंटांना घर दाखवून 'किती येतील' एवढंच विचारायचं, आणि आसपास गेल्या वर्षभरात नोंदणी झालेल्या व्यवहारांचे आकडे मागायचे. लोक काय मागतात ते आकडे नकोत, ज्याला सौदा झाला ते हवेत. मागणीचे आकडे म्हणजे स्वप्नं असतात. मग आधाराचा आकडा तुम्ही ठरवायचा आणि टप्प्यांचं बोलणं त्यानंतर काढायचं.

याच्या उलट खेळही चालतो. काही जण घर हातात यावं म्हणून भाव फुगवून सांगतात. तिघांतला एक जण इतरांपेक्षा दहा टक्के जास्त बोलला तर मालकाला तोच आवडतो, त्यात आई-वडिलांचं घर म्हटलं की आणखीच. कागदावर सही झाली की दर पंधरा दिवसांनी फोन येतो, 'जरा खाली यावं लागेल'. चार महिन्यांनी घर इतरांनी सांगितलेल्या भावाच्याही खाली जातं, कारण तोवर सगळ्या एजंटांना माहीत झालेलं असतं की हे घर कधीचं पडून आहे. तुम्हाला दोन टक्के सांगणाऱ्याने भाव किती सांगितलाय, ते प्रश्नात आलेलं नाही. ते आधी तपासा.

अर्ध्या टक्क्याचं काय? असे एजंट असतात, त्यातले काही चांगलेही असतात. पण त्याच्याकडे दहा घरं आहेत आणि त्यातल्या सातांवर दोन टक्के मिळणार आहेत असं धरा. शनिवारी खरी पार्टी आली की तिला पहिलं घर कोणतं दाखवलं जाईल? शिवाय घेणारा पुष्कळदा दुसऱ्या एजंटकडून येतो, आणि मग कमिशनची वाटणी होते. वाटायलाच फारसं नसेल तर तो दुसरा एजंट आपली पार्टी तुमच्या दाराशी आणत नाही. अमेरिकेत नेमका यावरूनच मोठा खटला झाला. तिथे घर यादीत टाकतानाच घेणाऱ्याच्या एजंटला किती टक्के देणार ते विकणाऱ्याने जाहीर करायची रीत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरीतल्या ज्यूरीने विकणाऱ्यांच्या बाजूने सुमारे १७८ कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल दिला. पुढे मार्च २०२४ मध्ये तिथल्या रिअल्टरांच्या, म्हणजे घरांच्या एजंटांच्या, संघटनेने ४१.८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून एजंटांच्या सामाईक यादीत असा वाटा जाहीर करणं बंद झालं, आणि घेणाऱ्यालाही घरं बघायला निघण्याआधी आपल्या एजंटशी लेखी करार करावा लागतो.

तुमच्यासाठी यातून निघणारा प्रश्न असा: 'या दोन टक्क्यांतून पार्टी आणणाऱ्या दुसऱ्या एजंटला तुम्ही किती देणार?' प्रामाणिक एजंट आकडा सांगतो. 'ते आमचं आम्ही बघतो' असं उत्तर आलं तर समजा की तो सगळं स्वतःकडे ठेवू बघतोय आणि तुमचं घर फक्त त्याच्याच गिऱ्हाइकांना दिसणार आहे.

याला लागूनच दोन्ही साइडचं कमिशन येतं. एजंट विकणाऱ्याकडूनही घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. अनेक ठिकाणी ही रीतच आहे. मी सुरुवातीची आठ-नऊ वर्षं असंच करायचे आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. एकदा एका मालकाने विश्वासाने सांगितलं, 'शंभर मागतोय, पण ब्याण्णवपर्यंत येईन.' त्याच दुपारी पार्टीने मला विचारलं, 'ताई, शेवटचं किती?' मी ब्याण्णव म्हटलं नाही. 'थोडं होईल' म्हटलं. पण माझा चेहरा बघून तिने ब्याण्णवच सांगितले आणि तिथेच सौदा झाला. त्या दिवशी मी कोणाकडून पगार घेत होते हे माझं मलाच सांगता येईना. तेव्हापासून मी एकाच बाजूचं घेते. तुमचा एजंट दोन्ही बाजूंचं घेत असेल तर लगेच उठून जाऊ नका, पण ते लेखी कबूल करून घ्या, दोन टक्के कमी करायला ते उत्तम कारण आहे, आणि तुमचा खालचा आकडा त्याला कधीच सांगू नका.

याहून वाईट म्हणजे एजंटने स्वतःच किंवा नातेवाइकाच्या नावाने घर घेणं. माझ्या माहेरचं घर विकताना हे आमच्याच बाबतीत झालं. मी तेव्हा या धंद्यात नव्हते. घेणारा एजंटचा मेहुणा होता हे आम्हाला दीड वर्षाने कळलं, तोवर त्याने ते घर पुढे विकून नफाही खिशात घातला होता. भारतीय करार कायद्याच्या, म्हणजे १८७२ च्या कायद्याच्या, कलम २१५ आणि २१६ मध्ये एजंटने मालकाला न कळवता स्वतःच व्यवहार केला तर काय करता येतं ते दिलेलं आहे: परिस्थितीनुसार मालक व्यवहार नाकारू शकतो किंवा एजंटला झालेला फायदा मागू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी हे लिहावं लागलं, म्हणजे खोड किती जुनी आहे बघा. करारात एकच ओळ घाला: घेणाऱ्याशी एजंटचं कोणतंही नातं किंवा भागीदारी असेल तर ते आधी लेखी कळवावं, नाहीतर कमिशन नाही.

इथवर 'कशाबद्दल' आणि 'कोणाच्या बाजूचा' हे दोन झाले. आता 'कधी', आणि सर्वांत जास्त भांडणं इथेच होतात.

एजंटच्या मते त्याने पार्टी आणली, भाव ठरला, काम झालं. मालकाच्या मते पैसे हातात पडले तर काम झालं. यावरचा एक जुना खटला मला फार आवडतो. इंग्लंडमध्ये काही सिनेमागृहं विकायची होती, आणि विक्री पूर्ण झाल्यावर एजंटला १०,००० पौंड मिळायचे होते. त्याने घेणारा आणला, पण मालकांनी त्याला विकलंच नाही. एजंट कोर्टात गेला. १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाने, निकाल दिला की करारात 'विक्री पूर्ण झाल्यावर' असं असेल तर मालकाने माघार घेण्याचा धोका एजंटचाच. एका न्यायमूर्तींनी म्हटलं की आठ-नऊ दिवसांच्या कामाला ही रक्कम म्हणजे लॉर्ड चॅन्सेलरची, तेव्हाच्या तिथल्या न्यायव्यवस्थेच्या प्रमुखाची, वर्षभराची कमाई आहे, एवढ्या मोबदल्यासाठी धोका पत्करायला हरकत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २१९ ही त्याच दिशेने जातं: वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही.

पण 'वेगळं काही ठरलं नसेल तर' हे शब्द नीट वाचा. एजंटच्या छापील कागदात वेगळंच ठरलेलं असतं. ब्रिटनमध्ये १९९१ पासून नियमच आहे की करारातल्या काही शब्दांचा अर्थ मालकाला लेखी समजावून द्यावा लागतो. तिथे एका प्रकारात 'घ्यायला तयार, इच्छुक आणि समर्थ' असा माणूस आणला की कमिशन लागू होतं, मग तुम्ही विका अगर विकू नका. दुसऱ्या प्रकारात मुदतीत दुसऱ्या एजंटने विकलं तरी पहिल्याला द्यावं लागतं, पण तुम्ही स्वतः कोणी शोधलात तर नाही. तिसऱ्यात तुम्ही स्वतः शोधलेल्या माणसाला विकलं तरीही द्यावं लागतं. तुमच्या एजंटच्या 'सहा महिने दुसरीकडे द्यायचं नाही' या अटीत यातला कोणता प्रकार दडलाय, ते त्या एका वाक्यावरून कळत नाही. आणि वडिलांचे सहकारी रांगेत उभे असताना हा फरक म्हणजे पूर्ण दोन टक्क्यांचा आहे.

मी स्वतः कसं लिहून देते ते सांगते. कमिशन अंतिम विक्रीखताची नोंदणी होऊन मालकाला पूर्ण पैसे मिळाले त्या दिवशी. व्यवहार लांबणार असेल तर पाव हिस्सा पक्क्या कराराच्या वेळी, उरलेलं शेवटी. घेणारा पळाला आणि विसार मालकाकडे राहिला तर त्यातलं मला काही नको, पण जाहिरातीचा ठरलेला खर्च द्यावा. मालकानेच विनाकारण माघार घेतली तर तेवढाच खर्च. बाकी एजंट याहून कडक लिहितात, आणि त्यांचंही चूक नाही, फक्त ते तुम्ही सही करण्याआधी वाचलेलं असावं. पावती मात्र सोडू नका. 'बिनपावतीचं दिलंत तर कर वाचेल' असं कोणी म्हटलं तर लक्षात ठेवा की भारतासह अनेक देशांत घर विकल्यावरच्या नफ्यावरील कराच्या हिशोबात ही दलाली खर्च म्हणून वजा होते. पावती नसेल तर वजावट नाही, आणि वाचलेला कर त्याचा असतो.

आता ते सहा महिने. घर एकाच एजंटकडे देण्याच्या मी विरुद्ध नाही. पाच जणांकडे टाकलेलं घर पाच वेगवेगळ्या भावांनी फिरतं, आणि घेणारा सर्वांत खालचा आकडा धरून बसतो. मालकाला पैशाची घाई आहे अशी हवाही त्यातूनच होते. पण सहा महिने खूप झाले. मी तीन मागते. पहिल्या पाच-सहा आठवड्यांतच घराकडे सर्वांत जास्त लोक बघतात. त्यात काही हललं नाही तर भाव चुकलाय किंवा एजंट, आणि दोन्ही बाबतींत तीन महिन्यांनी तुम्हाला मोकळं होता आलं पाहिजे.

मुदत संपल्यानंतरचं एक कलमही बघा. एजंटने दाखवलेल्या माणसाने मुदतीनंतर घर घेतलं तरी कमिशन द्यावं असं त्यात असतं. ते मला रास्त वाटतं, नाहीतर मालक आणि पार्टी संगनमताने महिनाभर थांबून एजंटला कटवतात. माझ्या बाबतीत तीनदा झालंय. पण त्याला दोन मर्यादा हव्यात: किती महिने, आणि कोण-कोण. मी घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाचं नाव तारखेसह वहीत लिहून मालकाची तिथेच सही घेते. मुदत संपली की त्या पानांची एक प्रत मालकाकडे. त्या यादीत नाव नाही त्याच्यावर माझा हक्क नाही. तुमच्या एजंटकडे अशी वही नसेल तर त्याला ठेवायला लावा.

आता वडिलांच्या सहकाऱ्यांकडे येऊ. ते खरंच घेणार असतील तर तुम्हाला एजंट शोधाशोधीसाठी लागतच नाही. लागेल तो कागदपत्रांसाठी एक चांगला वकील, ठरावीक फीवर. झुंबराच्या भांडणात मध्ये पडायला कोणी नसेल, पण ओळखीत ते बहुधा निभतं. अडचण दुसरी असते. ओळखीत भाव बोलायला जीभ रेटत नाही, आणि 'घरातलंच आहे' म्हणत शंभराचं घर नव्वदला जातं. दोन टक्के वाचवायला दहा घालवल्यासारखं होतं. म्हणून त्यांच्याशी बोलण्याआधी ते तीन एजंटांचे अंदाज हातात असू द्या. मग सरळ सांगा: आमचा आकडा हा, पंधरा दिवसांत हो किंवा नाही कळवा, हो असेल तर विसार द्या. 'बघू, नंतर सांगतो' हे उत्तर आलं तर ते नाही समजून एजंटकडे जा. आणि तरीही करारात त्यांचं नाव घालून लिहून घ्या की या व्यक्तीला मुदतीत विकलं तर कमिशन लागू नाही. एजंट कुरकुर करेल. एका नावापुरतं बहुतेक जण मान्य करतात. दहा नावांची यादी दिलीत तर मीही नाही म्हणेन.

टक्का कमी करायचा असेल तर कारण देऊन मागा, नुसतं 'जरा बघा ना' करू नका. कागद पूर्ण तयार आहेत, घर रिकामं आहे, किल्ली तुमच्याकडेच राहील, भाव आम्ही बाजाराला धरून ठेवलाय, दोघांच्याही सह्या लगेच मिळतील: यातली प्रत्येक गोष्ट एजंटचे दिवस वाचवते आणि म्हणून तिला किंमत आहे. उलट घर भाड्याने दिलेलं असेल, वारसाचे कागद अर्धवट असतील, तर दोन टक्के मला कमीच वाटतील. हे तुमच्या प्रश्नात नव्हतं म्हणून माझं उत्तर इथे अडतं. आई-वडिलांच्या नावावरून घर तुमच्या नावावर आलंय की नाही, ते आधी बघा. ते आलं नसेल तर एजंटला आत्ता बोलावूच नका, त्याची मुदत कागदांच्या फेऱ्यांतच संपेल.

आणि एजंटशी बोलायला दोघांपैकी एकच जण ठेवा. भावाला एक आकडा आणि बहिणीला दुसरा असं एकदा झालं की एजंटला कोणता खालचा आहे ते दहा मिनिटांत कळतं. मला तरी नेहमी कळलंय.